२३,५०० ची स्प्लेंडर आणि २०१६ मध्येच फिटलेलं कर्ज

मी मिरजेत एका लॅबसाठी सॅम्पल कलेक्शन करते. म्हणजे पहाटे साडेपाचला घरातून निघायचं, मालगाव, बेडग, आरग असं घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं आणि नऊच्या आत बॅग लॅबमध्ये टेकवायची. पहिले आठ महिने हे सगळं वडापनं, म्हणजे शेअर जीपनं केलं. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, आणि तिकडं रात्रीपासून उपाशी बसलेले बेडगचे एक आजोबा दारातच उभे, "काय गं पोरी, शुगर बघायला येतीस का जीव घ्यायला?" हे ऐकून ऐकून शेवटी भिशी लागली तेव्हा ठरवलं की आता गाडी घ्यायचीच. बजेट तीस हजार, वर एक रुपया नाही (हे वाक्य पुढं कामाला येणार आहे).

मुलगी म्हटल्यावर सगळ्यांनी ॲक्टिव्हाच सांगितली. पण जुन्या ॲक्टिव्हाचे भाव ऐकले का तुम्ही? मला ज्या दाखवल्या त्यातली जरा बरी गाडी चाळीसच्या खाली येत नव्हती आणि तीसमध्ये जी येत होती तिचा पत्रा खालून बोटानं दाबला तर आत जात होता. शिवाय मी गाडी शिकले तीच मुळात पप्पांच्या जुन्या सीडी हंड्रेडवर, रानातल्या पाणंदीत, त्यामुळं गिअरची भीती नव्हती. घोळ वेगळाच निघाला, माझं लायसन कॉलेजात असताना काढलेलं 'विदाऊट गिअर'वालं होतं. म्हणजे परत लर्निंग, परत तीस दिवस थांबा, परत तो आठचा आकडा काढून दाखवा. ट्रॅकवर मोटरसायकल घेऊन उभी राहिलेली त्या दिवशी मी एकटीच बाई, सगळे बघत होते, पण पाय न टेकता आठ काढला. असो.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक फिटरमामा आहेत, त्यांना म्हटलं गाडी बघायला चला. ते म्हणाले, "इंजिन मी बघतो, कागदं तुझी तू बघ." मी म्हटलं हो. तिथंच चुकलं, कारण मी कागद बघितले म्हणजे मोबाईलवर आरसीचा (गाडीच्या नोंदणीच्या कार्डाचा) फोटो बघितला.

पहिली गाडी सांगलीत एका सेकंडहँडवाल्याकडं होती, २०१५ ची शाईन, १९ हजार. चकाचक, पॉलिश मारलेली, मी तर मनातल्या मनात डिकीची पिशवीसुद्धा लावून बघितली. मामांनी मात्र तिला किकच मारली नाही. हेडलाइटचे दोन स्क्रू काढले, आत बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं, बोटाला पिठासारखी बारीक मऊ माती. मग साइडचं कव्हर काढलं, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज. "पुरातली हाय," एवढंच बोलले आणि चालायला लागले. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, २०२१ ला परत पूर आला, त्यात किती गाड्या पाण्याखाली बसून होत्या ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, आणि त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, रंगवून कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतातच. सांगली-कोल्हापूरकडची जुनी गाडी घेणार असाल तर हेडलाइट, टेललाइटच्या आत आणि सीटखाली बघितल्याशिवाय इसार देऊ नका, वरचा रंग काहीही बोलत नाही.

दुसरी १४ हजारची होती, २००९ ची. एवढी स्वस्त का, तर तिची पंधरा वर्षं भरलेली. म्हणजे री-पासिंग (नोंदणी परत वाढवून घेणं), पर्यावरण कर, ते होईपर्यंत रस्त्यावर पकडलं तर वेगळंच. आणि चालू केल्यावर मागनं निळा धूर. मामा म्हणाले रिंगा गेल्यात, ऑइल पितीय, बोअरचं काम काढलं की सात-आठ हजार मोजून ठेव. तिसरी, चौथी सांगत बसत नाही.

पाचवी मिळाली तासगाव रोडला. एक रिटायर्ड काका, एसटीत कंडक्टर होते, २०१३ ची स्प्लेंडर प्लस, एकच मालक, मुलानं इलेक्ट्रिक घेतली म्हणून ही पत्र्याखाली उभी. मी फोनवर बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, कारण गार इंजिनच खरं बोलतं, गरम गाडी कुणाचीही लगेच चालू होते. आम्ही गेलो तर काकांनी गाडी धुऊन, पुसून, चांगली दहा मिनिटं चालू करून ठेवलेली! म्हणे पाहुणे येणार, गाडी अडायला नको. त्यात लबाडी काही नव्हती, उलट मायाच होती, पण मामा हट्टी. इंजिनला हात लावला, मान हलवली आणि म्हणाले, "चहा होऊ द्या मग." चहा झाला, पोहे झाले, काकूंनी माझ्या पगाराची आणि लग्नाची चौकशी करून झाली, पाऊण तासानं इंजिन गार झालं. चोक ओढून दुसऱ्या किकला चालू. धूर नाही, खडखड नाही. मग डबल स्टँडवर लावून मागचं चाक फिरवलं, पुढचं चाक उचलून हँडल इकडंतिकडं केलं तर मधोमध अडकल्यासारखं व्हायचं, म्हणजे कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलेला. चेन सैल, स्प्रॉकेटचे दात माशाच्या काट्यासारखे टोकदार झालेले. मागच्या टायरवर १४१६ असा आकडा, म्हणजे २०१६ सालच्या चौदाव्या आठवड्यातला टायर, नक्षी होती पण रबर कडक लाकडासारखं. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, आता मी रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणाच्याही गाडीचा टायर वाचत बसते.

काका २८ म्हणत होते. हे सगळं मोजून दाखवल्यावर २३,५०० वर ठरलं. मी दोन हजार इसार दिला, चेसिस नंबर आरसीवरच्या नंबरशी जुळवला, काकांचं नाव बघितलं, आणि आनंदात घरी आले.

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या एजंटनं गाडीचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. "ताई, याच्यावर एचपी हाय की." गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा, २०१३ पासून तसाच. आरसीवरही होता, बारीक अक्षरात, माझ्या मोबाईलमधल्या फोटोतसुद्धा स्पष्ट दिसत होता, फक्त मी वाचला नव्हता. काकांना फोन केला तर ते बिचारे चिडलेच, "अगं मी २०१६ मध्येच फेडलंय, शेवटचा हप्ता भरून येताना पेढे आणले होते!" पेढे आणले ते खरं, पण कंपनीची एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत एचपी कॅन्सल करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी विकायची वेळ आली नसती तर कळलंही नसतं. आणि बोजा उतरल्याशिवाय ती माझ्या नावावर होत नाही.

कंपनीची सांगलीची शाखा बंद झालेली, काम कोल्हापूरला. काकांनी हप्त्याच्या सगळ्या पावत्या तिकिटाच्या ट्रेमध्ये रबर लावून जपून ठेवल्या होत्या, सवयच ती, एक पावती कमी नाही. तो ट्रे पिशवीत घालून आम्ही दोघं मिरजेतून ट्रेननं कोल्हापूरला. तिथं सांगितलं, अर्ज द्या, पंधरा दिवसांत पोस्टानं येईल. पाच आठवडे लागले.

ते पाच आठवडे मात्र वाईट गेले. जो तो सांगायचा, टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करायच्या फॉर्मवर) काकांच्या सह्या घे, पैसे देऊन टाक आणि फिरव गाडी, सगळे तसंच फिरवतात. काका स्वतःच म्हणाले, घेऊन जा गं, तुझीच आहे. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण गाडीचा इन्शुरन्स दोन वर्षांपूर्वीच संपलेला. उद्या माझ्या हातनं कुणाला धक्का लागला तर नाव काकांचं, पोलीस काकांच्या दारात, आणि भरपाईला दोघांकडंही काही नाही. ज्या माणसानं मला पोहे खाऊ घातले त्याला मी कोर्टात उभं करू का? शिवाय मामांनी निक्षून सांगितलं होतं, कागद हातात पडेपर्यंत बाकीचे पैसे द्यायचे नाहीत. म्हणून परत वडाप, परत आजोबा.

एनओसी आल्यावर वाटलं आता झालंच, तर ओटीपी काकांच्या जुन्या नंबरवर, जो बंद होऊन चार वर्षं झालेली. नंबर बदलण्यात एक चक्कर. मग हेल्मेटची दोन जुनी चलनं निघाली, मुलाच्या कृपेनं, ती काकांनी लगेच भरली आणि मुलाला माझ्यासमोरच झापलं. गाडी २०१९ च्या आधीची म्हणून नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवल्याशिवाय काम पुढं सरकेना, तिचे ५३१. फॉर्म २९, फॉर्म ३०, आधार, फोटो, सह्या. सरकारी फी तशी थोडीच असते, एजंटचे धरून १८०० गेले. हे स्वतः ऑनलाइन करता येतं, पण माझी सकाळ गावात जाते आणि दुपार झोपेत, म्हणून दिले.

हिशोब लिहून ठेवलाय. गाडी २३,५००. चेन सेट, कोनसेट, ऑइल, क्लच केबल आणि मामांची मजुरी ३,१५०. मागचा टायर १,९००. थर्ड पार्टी आणि मालकाचा अपघात विमा मिळून १,१७०. प्लेट ५३१, एजंट १,८००, पीयूसी ५०. झाले ३२,१०१. कोल्हापूरच्या तिकिटाचे पैसे काकांनी घेऊ दिले नाहीत.

बजेट मोडलं ते मोडलंच, आणि २०२८ ला पंधरा वर्षं भरली की री-पासिंग माझ्याच डोक्यावर येणार आहे. पण नावावर झाल्याचा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चोक ओढला, तिसऱ्या किकला चालू झाली, थंडी होती. बेडगला पोचले तर आजोबांच्या दाराला आतून कडी. दोन-तीनदा वाजवल्यावर कानटोपी घालून डोळे चोळत बाहेर आले, आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एवढ्या लवकर कशाला तडमडलीस गं? अजून तोंडसुद्धा धुतलं न्हाई मी."