क्लीट आधी, पेडल नंतर

दोन्ही सायकलींची पेडल्स एकदाची ठरली. रोड बाइकवर शिमानो १०५ची एसपीडी-एसएल (तीन बोल्टच्या क्लीटची) आणि तिला पिवळ्या क्लीट. क्लीट म्हणजे बुटाच्या तळव्याला लावायचा, पेडलात अडकणारा तुकडा. ट्रॅक बाइकवर, म्हणजे शर्यतीच्या गोल ट्रॅकवरच्या सायकलवर, लूक केओ, काळ्या क्लीट, क्लीट धरून ठेवणारी स्प्रिंग पूर्ण आवळलेली. ब्रेवेसाठी (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) मात्र शिमानोचीच जुनी एम५२० एसपीडी पेडल्स जपून ठेवली आहेत आणि लांबची राइड आली की तीच चढवतो. एकाच माणसाला तीन तऱ्हेची पेडल्स कशाला, असं आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये दोघांनी विचारलं. त्याचं उत्तर इथे सविस्तर लिहितो, कारण ट्रॅककडे वळणाऱ्या नव्या मुलांना हाच प्रश्न पडतो आहे.

उन्हाळा : एसपीडी

क्लिपलेसची, म्हणजे क्लीट अडकवून चालवायच्या पेडलांची, सुरुवात एसपीडीनेच करावी, हे माझं मत वर्षभरानंतरही कायम आहे. दोन बोल्टची लहान धातूची क्लीट तळव्याच्या खाचेत दडलेली असते, त्यामुळे बुटांनी सरळ चालता येतं. २०० किलोमीटरच्या ब्रेवेला साडेतेरा तास मिळतात, पण घड्याळ थांब्यावरही चालूच असतं. कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) उतरायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, टपरीवर चहा-पोहे उरकायचे, बाटल्या भरायच्या. यातलं सगळं चालणं एसपीडीच्या बुटांत बिनधास्त होतं. एम५२० दोन्ही बाजूंनी क्लिप होतं, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर खाली बघत पेडल उलटवावं लागत नाही. शहरातून बाहेर पडेपर्यंत याचं मोल कळतं.

एसपीडीतही क्लीट दोन प्रकारच्या आहेत. एसएच५१ फक्त टाच बाजूला वळवली की सुटते. एसएच५६ इतर दिशांनीही सुटते, म्हणून नवशिक्याने तिच्यावर सुरुवात करावी. मात्र घाटात उभं राहून जोर लावायला लागलात की ५१ वर या. ओढताना पाय अवचित सुटला तर तोल जातो.

वजनाची चर्चा फार होते. एम५२०ची जोडी साधारण ३८० ग्रॅम, १०५ची २६५. एवढ्या फरकासाठी पेडल बदलू नये. बदलायचं खरं कारण म्हणजे पायाला मिळणारा आधार. लहान क्लीट आणि मऊ तळव्याचा बूट अशी जोडी असेल, तर तीन-चार तासांनी चवड्याखाली एकाच जागी जळजळ सुरू होते. कडक तळव्याचा बूट घेतला की ती पुष्कळ कमी होते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी बुटांवर घाला.

पावसाळ्याच्या तोंडावर : तीन बोल्ट

तीन बोल्टची रुंद प्लास्टिक क्लीट हा मूळ लूकचा वारसा. ही फ्रान्समधली कंपनी स्कीच्या बाइंडिंग बनवायची. टाच फिरवली की सुटणारी तीच पकड तिने पेडलात आणली, १९८४ मध्ये ती बाजारात आली आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने त्याच पेडलांवर जिंकली. त्याआधी घाटाचा राजा असो की स्प्रिंटर, सगळेच टो-क्लिप (पेडलवरचा, पंजा अडकवायचा पिंजरा) आणि चामड्याचा पट्टा आवळून बसत. पाय सोडवायला हात खाली न्यावा लागे.

रंगांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण दुकानात हमखास गोंधळ होतो. शिमानोची लाल क्लीट म्हणजे शून्य अंश, अजिबात न हलणारी. निळी २ अंश, पिवळी ६ अंश. लूक केओमध्ये मात्र काळी शून्य, राखाडी साडेचार आणि लाल तब्बल ९ अंश. म्हणजे एकीकडची लाल सर्वांत घट्ट आणि दुसरीकडची लाल सर्वांत मोकळी. दोन्ही क्लीट दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकींच्या पेडलात चालत नाहीत.

हे अंश म्हणजे क्लिप असताना टाचेला मिळणारी मोकळीक. पेडल मारताना गुडघा आणि घोटा प्रत्येकाचा वेगळ्या वाटेने फिरतो. ती वाट तुमच्या क्लीटच्या कोनाशी जुळली नाही, तर प्रत्येक फेरीत गुडघ्याला पीळ बसतो आणि मिनिटाला नव्वद फेऱ्या म्हटलं की तासाभरात किती पीळ झाले ते बघा. म्हणून रस्त्यासाठी मी पिवळीच घेतली. कोन अगदी अचूक लागला नाही तरी पाय स्वतःची जागा शोधतो.

क्लीट बसवायला मी अख्खी संध्याकाळ दिली आणि प्रत्येकाने द्यावी. टेबलाच्या काठावर बसून पाय लोंबकळते सोडा. पंजे कुठे वळतात ते दिसतं. माझा उजवा जरा बाहेर वळतो, डावा जवळजवळ सरळ. दोन्ही क्लीट सारख्या कोनात लावायचा हट्ट मग आपोआप सुटतो. बूट घालून अंगठ्याच्या मागचं उंचवट्याचं हाड चाचपा आणि बुटावर खूण करा, तसंच करंगळीच्या बाजूला. पेडलचा ॲक्सल (मधला आस) या दोन खुणांच्या मधोमध आला की सुरुवात चांगली झाली. मी त्याहून किंचित मागे, टाचेकडे सरकवली आहे. लांबच्या राइडला पोटरी कमी दमते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, टॉर्क पाना असेल तर ५ ते ६ न्यूटन-मीटरवर थांबा आणि क्लीटच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. नवी क्लीट लावताना ती रेघ सोन्याच्या मोलाची ठरते. बदल करायचाच तर एका वेळी एक-दोन मिलिमीटर, मग दोन-तीन राइड, मग पुढचा. गुडघा काय म्हणतो ते एका राइडमध्ये कळत नाही.

सिंहगडाच्या चढावर फरक लगेच जाणवला. उभं राहून मारताना पायाखाली रुंद पाट आहे, बूट पेडलवर डुलत नाही. चालण्याचा मात्र आनंदच आहे: ओल्या फरशीवर जपून पाय टाकावा लागतो आणि डांबरावर प्लास्टिक झिजतं. क्लीट कव्हर जर्सीच्या खिशात कायम ठेवतो. पिवळ्या क्लीटच्या टोकांचा रंगीत भाग घासून गेला की बदलायची वेळ झाली समजावं. पावसाळ्यात लोखंडी बोल्टची खाच गंजते, तिच्यात चिखल वाळून बसतो आणि ॲलन की घसरायला लागते. राइडनंतर खाच कोरून थेंबभर तेल सोडायचं, एवढंच.

दिवाळीनंतर : ट्रॅक

बालेवाडीच्या क्रीडासंकुलातला ट्रॅक उघड्यावरचा, त्यामुळे पाऊस संपेपर्यंत थांबणं आलं. इथे रस्त्यावरचा सगळा हिशेब उलटा होतो. रस्त्यावर पाय पटकन सुटावा अशी इच्छा असते. ट्रॅकवर तो काही झालं तरी सुटू नये. सायकल फिक्स्ड गिअरची, म्हणजे चाक फिरतं तोवर पेडलही फिरतं, आणि ब्रेक नाहीत. पाय सुटला तर पेडल थांबत नाही, त्याच वेगाने फिरत राहतं, नडगीवर आदळतं आणि मागून येणारा राइडर थेट तुमच्यावर येतो. थांबलेल्या सायकलवरून सुरुवात करताना तर सगळं अंग एका फेरीवर लागतं: एक पाय खाली दाबतो, दुसरा तेवढ्याच ताकदीने वर ओढतो. क्लीट उघडण्याचा धोका सर्वांत जास्त त्या ओढण्यातच असतो. अव्वल स्प्रिंटर क्लिपलेस पेडलवर वरून पट्टाही आवळतात, ते याचसाठी.

म्हणून काळी, शून्य अंशाची क्लीट आणि स्प्रिंग पूर्ण आवळलेली. पाय फिरवायला मोकळीकच नाही, त्यामुळे ओढताना ताकद वाया जात नाही आणि चुकून सुटण्याच्या कोनापर्यंत टाच जात नाही. पण इथे क्लीटचा कोन तंतोतंत लागतो, नाहीतर गुडघा भोगतो. मी आधी त्याच बुटांवर लाल केओ लावून काही आठवडे रोलरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या रुळांवर) चालवली, पाय आपणहून कुठे स्थिरावतो ते पाहिलं, खूण केली आणि मग काळी लावली. हा क्रम मी आता सर्वांना सुचवतो. ट्रॅकच्या क्लीटने चालायचं नाही. बूट कुंपणापाशीच घालायचे. झिजलेली क्लीट रस्त्यावर फक्त कुरकुरते, इथे ती पाडते.

पेडलची जाडीही बघा. आपण डाव्या हाताला वळत फिरतो, म्हणून हळू चालवताना सायकल ट्रॅकच्या उताराइतकी कलत नाही आणि उजवं पेडल वरच्या बाजूला ट्रॅकला घासू शकतं. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकसारख्या उभ्या वळणावर हे फार जपावं लागतं. ट्रॅक बाइकचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो भाग) उंच आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, बहुधा १६५ मिलिमीटर असतो, तो याच कारणाने.

पेडल बदलताना दोन गोष्टी. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. पाना वर उभा धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही बाजूंची पेडल्स सैल होतात. आणि तळवा ते ॲक्सल हे अंतर प्रत्येक जोडीत वेगळं, तेव्हा सीटची उंची पुन्हा मोजा.

पुढचा प्रयोग उरलाय तो स्पीडप्ले पेडलांचा. तिथे पकड पेडलात नसून क्लीटमध्ये असते, दोन्ही बाजूंनी लागते आणि मोकळीक स्क्रूने शून्य ते १५ अंशांपर्यंत हवी तेवढी ठेवता येते. माझ्या वाकड्या उजव्या पायाला ते फार आवडेल असं वाटतं. काळजी एवढीच की सगळी यंत्रणा बुटाखाली, म्हणजे आपल्या चिखलात. कुणी ती कोकणात किंवा ताम्हिणीत भर पावसात वापरली असेल, तर क्लीट किती दिवसांनी साफ करावी लागते आणि ग्रीस कोणतं लावता ते नक्की लिहा.