रिझर्व्ह बँकेचे पाच शेअर

जुन्या शेअर सर्टिफिकेटांचं ट्रान्समिशन, म्हणजे मृत धारकाचे शेअर वारसांच्या नावावर, करून देणं हे आमचं काम. अडचणी ठरलेल्या असतात. कंपनीचं नाव बदललेलं असतं, सही जुळत नाही, नाहीतर मृत्यूच्या दाखल्यावर आणि सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग वेगळं असतं. त्या दिवशी वाईच्या एका कुटुंबाने पणजोबांच्या ट्रंकेतला गठ्ठा टेबलावर ठेवला. तीन गिरण्यांची, एका साखर कारखान्याची सर्टिफिकेटं बाजूला काढली आणि खाली निघालं १९३५ सालचं, रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचं. प्रत्येकी १०० रुपयांचे पाच शेअर, मुंबई रजिस्टरवरचे, म्हणजे मुंबई विभागाच्या भागधारकांच्या नोंदवहीतले.

"सर, हे डिमॅट होतील का?" पणतूने विचारलं, म्हणजे कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात घेता येतील का. आज या बँकेचा शेअर केंद्र सरकारशिवाय कुणाकडेही असू शकत नाही, त्यामुळे उत्तर सोपं होतं: नाही. पण एके काळी तो वाईच्या माणसाकडे कसा आला, हे सांगायला तासभर लागला, आणि तो तास मला महत्त्वाचा वाटतो.

१८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार कलकत्ता, मुंबई आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी बँकांकडून सरकारकडे गेला. त्या तीन बँका १९२१ मध्ये एकत्र होऊन इम्पीरियल बँक झाली. सरकारचे खाते तिच्याकडे आणि नोटा मात्र सरकारच्या. म्हणजे चलन एकाच्या हातात, पतपुरवठा दुसऱ्याच्या. १९२६ मध्ये चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने ही दोन्ही कामं एका वेगळ्या मध्यवर्ती बँकेकडे द्यावीत असं सुचवलं. १९२७ चं विधेयक अडलं ते मुख्यतः मालकीवर. बँक भागधारकांची की सरकारची, यावर एकमत होईना. शेवटी १९३४ चा कायदा भागधारकांच्या बाजूने झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली.

भांडवल पाच कोटी, म्हणजे पाच लाख शेअर. त्यातले फक्त २,२०० सरकारकडे, तेही संचालकांना पात्रतेपुरते शेअर देता यावेत म्हणून. सगळं भांडवल पाच रजिस्टरांत वाटलेलं: कलकत्ता १४५ लाख रुपयांचे, मुंबई १४० लाख, दिल्ली ११५ लाख, मद्रास ७० लाख, रंगून ३० लाख. रंगून पाहून पणतू चमकला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता.

मला त्या कागदावर सगळ्यात बोलका वाटला तो पाच हा आकडा. कायद्यात पाच शेअरना एक मत होतं, आणि कितीही शेअर घेतले तरी एका माणसाला दहापेक्षा जास्त मतं नाहीत. अर्ज जास्त आले तर पाच किंवा अधिक शेअर मागणाऱ्या प्रत्येक पात्र अर्जदाराला आधी पाच द्यायचे, तेही पुरले नाहीत तर सोडत काढायची, असाही नियम होता. एखाद्या पेढीने बँक खिशात घालू नये, म्हणून वाटप असं बारीक केलेलं. भागधारक स्थानिक मंडळ निवडत आणि ती मंडळं मध्यवर्ती संचालक मंडळावर आठ जण पाठवत. गव्हर्नर नेमणं मात्र सरकारकडेच होतं.

ही रचना टिकली नाही. मतांवर मर्यादा घातली तरी शेअर विकायला बंदी नव्हती. सुरुवातीला ९० हजारांहून जास्त असलेले भागधारक १९४० पर्यंत ५६ हजारांच्या आसपास आले, आणि शेअर मुंबई रजिस्टरकडे सरकत गेले. म्हणून १९४० मध्ये, पुढच्या खरेदीसाठी, एका नावावर २०,००० रुपयांपेक्षा जास्त शेअर नोंदवायचे नाहीत अशी दुरुस्ती करावी लागली. माझ्या मते दोष हेतूत नव्हता, खरेदी-विक्री मोकळी ठेवण्यात होता. पाच शेअरवाल्याला मुळात फारसं मिळतही नव्हतं: सुरुवातीचा लाभांश साडेतीन टक्के, म्हणजे ५०० रुपयांवर वर्षाला १७ रुपये ८ आणे. भाव चढला की विकण्याचा मोह होणारच.

१ जानेवारी १९४९ ला सगळे शेअर केंद्र सरकारकडे गेले. तेव्हा गव्हर्नर होते रायगडचे चिंतामणराव देशमुख. मोबदला शेअरमागे ११८ रुपये १० आणे ठरला. पाच शेअरचे ५९३ रुपये २ आणे होतात. शंभराच्या पटीतली रक्कम, इथे ५०० रुपये, तीन टक्के व्याजाच्या सरकारी प्रॉमिसरी नोटांत (सरकारी कर्जरोख्यांत), आणि उरलेले ९३ रुपये २ आणे रोख.

म्हणून अशा सर्टिफिकेटसाठी डिमॅटचा अर्ज भरू नका. आयईपीएफच्या, म्हणजे कंपन्यांचे दावा न केलेले शेअर आणि लाभांश जमा होणाऱ्या सरकारी निधीच्या, यादीतही नाव शोधू नका, कारण तो निधी कंपनी कायद्याखालचा आहे आणि ही बँक स्वतंत्र कायद्याने जन्मली. कुणी 'वसूल करून देतो' म्हणून आगाऊ फी मागितली तर थांबा. मोबदला घेतला गेला की नाही, हे या एका कागदावरून ठरत नाही. त्यासाठी आम्ही वाईच्या मंडळींना दोन गोष्टी शोधायला सांगितल्या. एक, मागच्या बाजूला व्याज दिल्याच्या नोंदी असलेली सरकारी प्रॉमिसरी नोट. दोन, १९४९-५० चं बँकेचं पासबुक आणि त्यात ९३ रुपये २ आण्यांची जमा.

सर्टिफिकेटला लॅमिनेशन करू नका, घडीवर सेलोटेप लावू नका. दोन्हीमुळे कागद कायमचा खराब होतो आणि संग्राहक अशा कागदाला हात लावत नाहीत. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, दोन्ही बाजूंचं स्कॅन करा आणि मागची ट्रान्सफरची नोंद वाचा, कारण शेवटचं नाव कुटुंबातलंच आहे की कुणा तिऱ्हाइताचं, हे तिथेच कळतं.