व्हिसेरा आला का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत फवारणीची विषबाधाही बसते. मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. माझा चुलतभाऊ पऱ्हाटीवर औषध मारून आला, उलट्या सुरू झाल्या, लाळ थांबेना. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन चालू होतं, तरी तो गेला. वहिनींची फाईल मी केली. सातबारा, सहा-क (वारसांची नोंद), आधार, पासबुक पटकन जमलं.

अडलं ते व्हिसेऱ्यावर. विषबाधेच्या प्रकरणात पोस्टमार्टेमच्या वेळी जठर, यकृत वगैरेचे नमुने, म्हणजेच व्हिसेरा, काढून सीलबंद करतात आणि पोलीस ते न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतात. तोपर्यंत मृत्यूच्या कारणापुढे ‘अंतिम मत राखून ठेवले आहे’ एवढंच. तालुका कृषी कार्यालयात गेलं की बाबू मान वर न करता विचारायचे, ‘व्हिसेरा आला का?’ ठाण्यात विचारलं तर ‘लॅबकडून आला नाही.’ लॅबची माहिती आम्हाला कोण देणार? पोलिसांमार्फत विचारा म्हणे. पोलीस म्हणणार, आला की कळवू. वहिनी दर वेळी सोबत यायच्या, बाकावर बसायच्या आणि त्यांच्यासमोरच नवऱ्याच्या आतड्या-काळजाची चौकशी ‘तो डबा कुठं अडकला’ अशा भाषेत चालायची. मला आजही त्या खोलीचा संताप येतो.

हललं कशामुळे, तर जावक क्रमांकामुळे. नमुने ज्या पत्रासोबत गेले त्याचा जावक क्रमांक आणि तारीख ठाण्यातून लिहून घ्या. मर्ग क्रमांकही, म्हणजे ठाण्यातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक, घ्या. नुसतं नाव सांगितलं तर कोणी रजिस्टर उघडत नाही. क्रमांक टाकून लेखी अर्ज दिला, वर माहिती अधिकाराचा अर्ज लावला, तेव्हा कळलं की अहवाल ठाण्यात येऊन पडला होता! आणि हे कोणीच सांगत नाही: अहवाल आला म्हणजे संपलं नाही. तो पोस्टमार्टेम करणाऱ्या डॉक्टरकडे परत जातो, ते अंतिम मत देतात, मगच फाईल पूर्ण होते. त्यासाठी पुन्हा तीच रांग.

अर्ज मात्र व्हिसेऱ्यासाठी थांबवू नका. प्रस्ताव ३० दिवसांत द्यायचा असतो. आम्ही आहे ते कागद दिले, शिक्क्याची पोच घेतली आणि अहवाल नंतर जोडला.

अजून एक, खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. पेशंट दाखल करतानाच केस पेपर वाचा. आमच्याकडे ड्युटीवरच्या डॉक्टरने सवयीने ‘विष प्राशन’ लिहिलं होतं. शेतकरी आणि विष म्हटलं की आत्महत्याच, असं धरून चालतात, आणि आत्महत्या या योजनेत बसत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून मी सावध आहे. ‘फवारणी करताना विषबाधा’ अशी नोंद मी तिथल्या तिथे करून घेतली. औषधाचा रिकामा डबाही सोबत न्या. लेबलवर घटक आणि उतारा छापलेला असतो, डॉक्टरांचा वेळ वाचतो. दोन-तीन औषधं एकत्र कालवली असतील तर सगळे डबे न्या. अंगावरचे भिजलेले कपडे काढून साबणाने आंघोळ घालणं तर घरीच, गाडी येईपर्यंत करायचं काम आहे.

लाल त्रिकोणाचं, म्हणजे सगळ्यात जहाल, औषध मारायला आपण बहुतेकदा मजूर लावतो. त्याच्या किंवा घरच्यांच्या नावावर जमीन नसेल तर ही योजना त्याला लागूच नाही. सातबारा नाही म्हणजे अर्जच नाही. विष पहिल्यांदा ज्याच्या अंगावर उडतं तोच बाहेर, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल?

वहिनींचे पैसे थेट खात्यात आले, कोणाला काही द्यावं लागलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘फाईल हलवून देतो’ म्हणत एक जण शेवटपर्यंत मागे लागला होता.