चॅनेल एवढे आहेत, मग ओरडता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हा प्रश्न मला कॉलेजातल्या पोरांपासून लग्नात भेटलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळेच विचारतात. मी बरीच वर्षं तालुक्याला बातमीदार होतो हे कळलं की विषय तिकडे जातोच. "काका, पेपर एवढे निघतात, बातम्यांचे मराठी चॅनेल एवढे झालेत, यूट्यूबवर तर गल्लोगल्ली पत्रकार आहेत, ज्याला जे बोलायचंय ते बोलतोय, मग मीडियाचं स्वातंत्र्य धोक्यात म्हणून एवढं काय ओरडता?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि विचारणारा बहुतेक वेळा खरंच जाणून घ्यायला विचारतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी एका सभेचं सांगतो. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा. मोठा मंडप, पुढच्या चार रांगांत कारखान्याची माणसं, मागे सभासद. कार्यकारी संचालक विषयपत्रिका वाचतो, प्रत्येक विषयाला पुढून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि पुढचा विषय सुरू. मागे एक सभासद उभा आहे, साठी ओलांडलेला, हातात कारखान्याचाच छापील अहवाल, त्यात एका पानावर पेनने खूण केलेली. ऊसतोडणी आणि वाहतुकीसाठी दिलेल्या ॲडव्हान्सची रक्कम वसूल का नाही झाली एवढंच त्याला विचारायचंय. माईक त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो ओरडून विचारतो, पुढचे लोक आणखी जोरात "मंजूर" म्हणतात, आणि मग एकदम राष्ट्रगीत सुरू होतं त्यामुळे सगळे उभे राहतात आणि सभा संपते. दुसऱ्या दिवशी चार पेपरांत बातमी, चारही ठिकाणी "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली", चारही ठिकाणी तीच वाक्यं, तोच फोटो. कारण संध्याकाळी कारखान्याच्या माणसाने ग्रुपवर प्रेसनोट टाकली होती आणि ती सगळ्यांनी जशीच्या तशी पुढे पाठवली होती.

आता यात कुणी कुणावर बंदी घातली का? नाही. कुणाला धमकीचा फोन आला का? नाही. झालं एवढंच की तालुक्याच्या बातमीदाराला पगार नसतो, असलं तर नावापुरतं मानधन, बाकी सगळं जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी आली की टार्गेट येतं, दिवाळीला येतं, नेत्यांच्या वाढदिवसाला येतं. आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण, तर कारखाना, बाजार समिती, दोनचार पतसंस्था, शिक्षण संस्था आणि इच्छुक उमेदवार. म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रश्न विचारायचे त्यांच्याच दारात सकाळी जाहिरातीसाठी उभं राहायचं, हे ज्याने केलंय त्यालाच त्यातला ताण कळतो. मी त्या पोरांना दोष देत नाही, घर त्यांनाही चालवायचं असतं.

त्या सभासदाचा प्रश्न शेवटी छापला तो शेजारच्या तालुक्यातल्या एका साप्ताहिकाने, ज्याला त्या कारखान्याची जाहिरात कधीच मिळत नव्हती आणि मिळायची आशाही नव्हती. पुढे संचालक मंडळाला खुलासा करावा लागला आणि तो खुलासा मात्र चारही दैनिकांत आला. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. पेपर किती आहेत यापेक्षा त्यांच्या चुली किती वेगवेगळ्या आहेत ते बघायचं. चार पेपर एकाच्याच पैशावर चालत असतील तर त्या तालुक्यात पेपर एकच आहे असं मी धरतो.

आणि हे काही आजचं दुखणं नाही. आपल्याकडे वृत्तपत्र स्वातंत्र्य म्हटलं की केसरी आठवतो, आणि आठवायलाच पाहिजे, टिळकांना केसरीतल्या लिखाणापायी १८९७ला दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ला सहा वर्षांची, मंडालेला नेऊन ठेवलं. सरकारपुढे न झुकणारा पेपर म्हणून केसरीचं नाव घेताना माझी मान आजही ताठ होते. पण त्याच केसरीने १९२०मध्ये बाबासाहेबांच्या मूकनायक या पाक्षिकाची साधी जाहिरात छापायला नकार दिला, तीही फुकट नाही, पैसे द्यायची तयारी असताना. मूकनायक ३१ जानेवारी १९२०ला निघाला, शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते, आणि पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिलं की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचं हित बघणारी आहेत, बाकीच्यांची त्यांना पर्वा नसते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सरकारशी लढणारा स्वतंत्र पेपर असूनही समाजातल्या एवढ्या मोठ्या हिश्श्याला त्यात जागाच नव्हती. केसरी स्वतंत्र असणं गरजेचंच होतं, पण तेवढ्याने काम होत नव्हतं, मूकनायकही हवाच होता. त्याच्या आधी १८७७मध्ये सत्यशोधक चळवळीतल्या कृष्णराव भालेकरांनी दीनबंधू हे पत्र काढलं तेही याच गरजेतून. नुसतं स्वातंत्र्य पुरत नाही, अनेक तोंडं लागतात, आणि प्रत्येक तोंडाला स्वतःचे पाय लागतात.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो, की सरकारनेच नियम करावा ना, मोठ्यांना आवरावं आणि छोट्यांना जगवावं. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण हा प्रयोग आपल्याकडे करून झालाय आणि तो थेट पुण्यातच येऊन अडला, ही गोष्ट मराठी माणसाला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१९५६ला केंद्राने एक कायदा केला आणि १९६०ला त्याखाली आदेश काढला, की दैनिकाने किती पानांसाठी किती किंमत घ्यायची ते सरकार ठरवणार. हेतू चांगला सांगितला होता, मोठे पेपर कमी पैशात जास्त पानं देतात, त्यांना जाहिराती मिळतात, छोट्यांचा टिकाव लागत नाही, म्हणून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. सकाळ तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा आणि रविवार सोडून आठवड्याला चौतीस पानं द्यायचा. नव्या आदेशाप्रमाणे किंमत तीच ठेवायची तर पानं चोवीसवर आणायची, नाहीतर किंमत एका पैशाने वाढवायची. आता एक पैसा म्हणजे काय मोठंसं, असं आज वाटेल, पण नानासाहेब परुळेकरांनी १९३२ला सुरू केलेला तो पेपर साध्या माणसाच्या घरात जायचा, खप त्यावरच उभा होता, आणि पानं कापायची म्हणजे बातम्याच कापायच्या. पेपर सुप्रीम कोर्टात गेला. नुसता पेपर नाही तर वाचकही आपापल्या याचिका घेऊन गेले, की पानं कमी झाली तर आमचंही नुकसान आहे. पेपरासाठी वाचक दिल्लीपर्यंत कोर्टात जातात, केवढी मोठी गोष्ट आहे ही!

१९६१च्या सप्टेंबरात निकाल लागला, घटनापीठाचा, आणि न्यायमूर्ती मुधोळकरांनी तो लिहिला. कोर्टाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. म्हणणं असं होतं की किती पानं छापायची आणि किती लोकांपर्यंत पोचायचं हाही बोलण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि एका पेपराचं स्वातंत्र्य कापून दुसऱ्याला वाढवायचं हे घटनेत बसत नाही, हेतू कितीही चांगला असो. मला हा निकाल पटतो. कारण आज पानं ठरवणारं सरकार उद्या पानावर काय ते ठरवणार, यात मला तिळमात्र शंका नाही.

पण पुढे १९७२ला न्यूजप्रिंटच्या, म्हणजे पेपर छापायच्या कागदाच्या, धोरणावरून असाच खटला झाला, कुठल्याही पेपराने दहाच्या वर पानं काढायची नाहीत असं सरकार म्हणत होतं, तेही कोर्टाने उडवलं, मात्र पाचपैकी एका न्यायमूर्तींनी, मॅथ्यू यांनी, वेगळं मत दिलं. मालकाच्या छापायच्या हक्काइतकाच लोकांचा वेगवेगळी मतं ऐकायचा हक्क मोठा आहे, असा त्यांचा रोख होता. निकाल बहुमताचाच बरोबर असं मी म्हणेन, पण मॅथ्यूंनी विचारलेला प्रश्न अजून तसाच पडून आहे, आणि तुम्ही मला जो प्रश्न विचारता त्याच्या आत हाच प्रश्न लपलेला असतो.

आणीबाणीत सेन्सॉरने मिनू मसानींच्या फ्रीडम फर्स्ट या मासिकाचे लेख अडवले तेव्हा मुंबई हायकोर्टाने १९७६ला, म्हणजे आणीबाणी चालू असताना, सांगितलं की सगळ्या पेपरांना एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. त्या दिवसांत असं लिहायला धाडस लागत होतं.

आता आणीबाणीसारखं उघड काही करायचीही गरज उरलेली नाही. हंगेरीत बघा. २०१६ला तिथला नेपसाबादशाग हा मोठा पेपर एका शनिवारी अचानक बंद झाला, मालकाने कारण दिलं तोट्याचं. २०१८ला सरकारच्या जवळच्या मालकांनी आपापले पेपर, रेडिओ, वेबसाईट असं चारशेच्या वर काहीतरी एकाच फाउंडेशनला देऊन टाकलं, आणि सरकारने ते राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर केलं त्यामुळे मक्तेदारी तपासणाऱ्या खात्याला त्यात बघताच आलं नाही. पेपर दुकानात तसेच लटकत होते, नावं तीच होती. एकाही संपादकाला तुरुंगात टाकावं लागलं नाही. त्यानंतर युरोपीय संघाने २०२४ला मीडिया स्वातंत्र्याचा कायदा केला, त्यात मालक कोण ते उघड सांगायचं आणि सरकारने कुणाला किती जाहिरात दिली तेही उघड सांगायचं, असं बंधन आहे. मला हा रस्ता बरा वाटतो, कारण यात सरकार पानं मोजत नाही, किंमत ठरवत नाही, फक्त पैसा कुठून येतो त्यावरचा पडदा काढायला लावतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं मार्चमध्ये पेपरात बारीक टायपात एक फॉर्म छापून यायचा, प्रकाशक कोण, मालक कोण, एक टक्क्यापेक्षा जास्त भागीदार कोण, कुणी वाचायचं नाही ते, मी वाचायचो. गावातल्या यूट्यूब चॅनेलला मालक कोण हे असं दरवर्षी लोकांपुढे छापावं लागत नाही, आणि निवडणुकीच्या आधी दोन महिने उगवणारे चॅनेल नंतर कुठे जातात ते तुम्हाला माहितीये.

रेडिओचं तर बोलूच नका. खासगी एफएमला आपल्या देशात स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हा बायकांच्या पुढाकाराने चालणारा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे त्या भागातल्या लोकांचा स्थानिक रेडिओ, आहे, दुष्काळी भागात लोक तो ऐकतात, पण टँकर का आला नाही याची बातमी बातमी म्हणून द्यायला अशा केंद्रांनाही परवानगी नाही. ज्याच्याकडे पेपर घ्यायला पैसे नाहीत आणि मोबाईलला रेंज नाही त्याच्यासाठी रेडिओच असतो, त्यामुळे मला हा नियम सगळ्यात जास्त बोचतो.

आणि ओरडता कशाला म्हणता तर राजापूरचं आठवा. शशिकांत वारिशे. रिफायनरीच्या विषयावर लिहिणारा कोकणातला बातमीदार. ६ फेब्रुवारी २०२३ला त्याची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी राजापूरला त्याच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. ज्याच्याबद्दल बातमी होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७लाच मंजूर केलाय, असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तालुक्यातल्या पोराकडे नियुक्तीपत्र नसतं, असतो फक्त एक लॅमिनेट केलेला कार्ड, त्याला मार बसला की आधी तो पत्रकार आहे हे सिद्ध करण्यातच पोलीस ठाण्यात रात्र जाते, आणि पेपरवाले कधीकधी हात वर करतात. मला वाटतं मानधन बंद करून निदान लेखी करार आणि ठरलेला पगार द्या, जाहिरातीचं टार्गेट बातमीदाराच्या डोक्यावरून काढा, स्वातंत्र्यावरच्या शंभर परिसंवादांपेक्षा याने जास्त फरक पडेल.

तुम्ही काय करू शकता असंही विचारता. एक पेपर वर्गणी भरून घ्या, आणि त्यातही तुमच्या तालुक्यात कुणी न घाबरता साप्ताहिक चालवत असेल तर त्याची वर्गणी आधी, कारण तिथे तुमच्या तीनचारशे रुपयांना खरंच वजन असतं. दोन वेगळ्या ठिकाणी बातमी सारखीच्या सारखी दिसली तर फोन करून विचारा, तुमचा माणूस तिथे हजर होता का. आणि नगरपालिका, पंचायत समितीने वर्षभरात कुठल्या पेपराला किती रुपयांच्या जाहिराती दिल्या हे माहिती अधिकारात विचारा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, त्यासाठी पत्रकार असावं लागत नाही. अर्ज कसा लिहायचा ते माहीत नसेल तर मला सांगा, मी लिहून देतो.