तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला फोम लावू?

घरीच तबल्याचं रेकॉर्डिंग करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "आम्हालाही एक खोली साउंडप्रूफ करायची आहे, भिंतींना कुठला फोम लावू?" क्लासला येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, लग्नाकार्यात भेटणारे विचारतात. गेल्या महिन्यात भावाच्या मित्राने तर थेट फोमच्या दुकानातूनच फोन केला. आजवर उभ्या उभ्या थोडंफार सांगत आले, आज बसून नीट सांगते.

फोमने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की मागे जी झणझण राहते ती फोम शोषून घेतो, त्यामुळे माइकवर वाद्य स्वच्छ येतं. त्याचं काम तेवढंच, आणि ते तो चांगलं करतो. पण आवाज अडवायला वजन लागतं, फोमला वजन कुठून असणार? त्यातून डग्ग्याच्या घुमाऱ्यासारखा खालचा आवाज म्हणजे तर बोलायलाच नको. १०० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. दोन इंची फोम तिच्या वाटेत आला काय नि न आला काय.

मीही आधी फोमच लावला होता. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमची दहा बाय अकराची खोली, चारही भिंती झाकून टाकल्या. आठ दिवसांनी खालचे काका वर आले. काकूंचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. अगदी संकोचून म्हणाले, "अगं, अजून धपधप येतेच आहे." मी म्हटलं, "काका, मी खाली येऊन ऐकू का?" वर एका विद्यार्थ्याला तीनताल वाजवायला बसवलं आणि त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन उभी राहिले.

तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक आवाज, अजिबात येत नव्हती. 'धा' म्हणजे तबल्यावरचा 'ना' आणि डग्ग्यावरचा 'घे' एकत्र. त्यातला 'ना' वरच राहिला होता, खाली पोचत होता फक्त 'घे'. छतातून, आणि पलंगाला हात लावला तर पलंगातूनही. दहाव्या मात्रेला ठोके थांबले, 'तिं तिं ता ता' एवढ्या चार मात्रा पूर्ण शांतता, आणि चौदाव्याला पुन्हा धप. तालातली 'खाली', म्हणजे डग्ग्याविना जाणारा भाग, कुठे येते हे काकांच्या छताकडे बघत मोजता येत होतं. म्हणजे आवाज भिंतींतून जातच नव्हता. डग्गा फरशीवर, फरशी स्लॅबवर, आणि स्लॅब म्हणजेच काकांचं छत. मी सगळे पैसे भिंतींवर घातले होते.

मग बसायला वेगळा चौथरा केला. १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर, खाली ठरावीक अंतरावर मऊ रबराचे ठोकळे, मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. रबर आपल्या वजनाने थोडं दबलं पाहिजे. कडक रबर किंवा योगा मॅट घालून काही साधत नाही, मी दोन्ही करून पाहिलंय. सुताराने काम सुबक केलं, पण सुबक दिसावं म्हणून चौथरा तिन्ही बाजूंनी भिंतीला भिडवून खिळे मारले. झालं, ठोके भिंतीतून उतरायला लागले. खिळे काढले, चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली आणि मग पुन्हा खाली जाऊन ऐकलं. काका म्हणाले, "पंखा बंद केला तर कळतंय." फोनमधल्या मीटरवर विसंबू नका, इतका खालचा आवाज ते नीट मोजत नाही. खाली जाऊन कानांनी ऐका.

चौथऱ्यानंतर नंबर दाराचा. भिंत कितीही जाड असू दे, तिच्यात एक टक्का जरी जागा उघडी राहिली तर अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. रात्री खोलीत दिवा लावा, बाहेर अंधार करा आणि दाराकडे बघा. जिथून उजेड येतो तिथून आवाज जातो. आमच्या दाराखालून पट्टाच्या पट्टा उजेड येत होता. जुन्या घरांत प्रत्येक दाराला उंबरठा असायचा, फ्लॅटमधल्या बेडरूमला तो नसतो. मी लाकडी उंबरठा बसवून घेतला, चौकटीला सगळीकडून रबराची पट्टी लावली आणि आत पोकळ असलेलं दार बदलून भरीव फ्लश डोअर लावलं. आता दार ओढलं की कुकरच्या झाकणासारखं बसतं. सरकत्या खिडकीच्या फटी मात्र बुजवता येत नाहीत. तिच्या आत चार-पाच इंचांवर जाड काचेची, बिजागरीची दुसरी खिडकी लावली. पलीकडच्या खोलीतला स्विचबोर्ड आपल्या बोर्डच्या बरोबर पाठीमागे असेल तर तिथे भिंत जवळपास नसतेच, तेही बघून घ्या.

आत दुसरी विटांची भिंत बांधू का, असंही काही जण विचारतात. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामान वगैरे मिळून साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर इतकाच भार धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक वीटही चढवू नका.

आणि फोम लावायचाच असेल तर तो आगीला कसा वागतो ते आधी विचारा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइटक्लबात आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. स्वस्तातला फोम भराभर पेटतो, त्याचा धूर विषारी असतो, आणि आपण तर खोलीची एकेक फट बुजवलेली असते. मी माझा काढून टाकला. त्या जागी रॉकवूल भरून कापड चढवलेल्या लाकडी चौकटी आहेत, आणि एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. हवेचंही तसंच. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. त्यामुळे दर पाऊण तासाने मी दार उघडते, मुलांना बाहेर पाठवते.

एवढं करूनही डग्गा थोडा उतरतोच. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र १० ला सुरू होते, मी साडेनऊलाच तबल्यावर गवसणी चढवते. दुपारी दोन ते चार काकूंची झोप असते. तेवढा वेळ हेडफोन लावून सकाळच्या रेकॉर्डिंगचं एडिटिंग करत बसते.