मावशीचा कीबोर्ड, नोंद ६: ‘तर’, ‘त्र’ आणि लायसन्स

मागच्या नोंदीपर्यंत बेचाळीस बटणांचा कॉर्न (घरी जोडायचा छोटा कीबोर्ड) सोल्डर होऊन चालू झाला होता, पण मावशी ‘तर’ लिहायला गेली की ‘त्र’ उमटत होतं. ते सुटलं. सुटताना जो नवा गुंता झाला, त्याची ही नोंद.

नव्यांसाठी थोडक्यात. मावशीने आयुष्यभर डीटीपी केलं, इनस्क्रिप्टशिवाय (भारतीय लिप्यांची प्रमाण बटण-मांडणी) तिच्या बोटांना काही येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष, श्र ही अक्षरं शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ वर असतात आणि कॉर्नला आकड्यांची ओळच नाही. म्हणून कॉम्बो बसवले: त आणि र एकदम दाबले की त्र, र आणि य एकदम दाबले की ऱ्य. (ऱ्य तर मोठ्या कीबोर्डवरही कटकटीचा: शिफ्ट धरून र, मग पाय मोडायचं बटण, मग य.) बोर्डावर क्यूएमके चालतं, म्हणजे कुठलं बटण दाबलं की काय उमटायचं ते ठरवणारं फर्मवेअर (कीबोर्डच्या आतला प्रोग्राम). त्यात कॉम्बोची मुदत, म्हणजे किती वेळाच्या आत दाबलेली बटणं ‘एकदम’ धरायची, मुळात ५० मिलिसेकंद असते. मावशी भरात आली की दोन बटणं त्याच्या आतच दाबून मोकळी होते. मराठीत ‘तर’ किती वेळा येतो हे मला या उद्योगात कळलं.

उपाय असा केला: क्यूएमकेची कॉम्बोची फाइल घेऊन तिच्यात चाळीसेक ओळी घातल्या. दोन्ही बोटं जवळजवळ एकत्र उचलली तरच त्र धरायचा. पहिलं बोट आधी सुटलं तर दोन सुटी अक्षरं. दोन आठवडे मावशीने वापरलं, तक्रार नाही. मग म्हणाली, “बाकी झकास आहे रे, पण ही वायर कशाला?”

वायर काढायची तर झेडएमके, वायरलेस कीबोर्डांचं फर्मवेअर. नाइस नॅनो, म्हणजे ब्लूटूथवाला छोटा कंट्रोलर, घरात पडूनच होता. एका शनिवारी काम उरकेल असं वाटलं होतं.

झेडएमकेत कॉम्बो आहेत, पण माझी युक्ती नाही. जवळचा पर्याय म्हणजे आधीच्या बटणानंतर ठरावीक वेळ हात थांबला असेल तरच कॉम्बो लागू करायचा. त्याने ‘तर’ वाचतो, पण शब्दाच्या मध्ये हात थांबतो कुठे? ‘मित्र’चा ‘मितर’ झाला, ‘रात्र’चं ‘रातर’. मावशीने पाच मिनिटांत बोर्ड परत दिला.

मग माझ्या चाळीस ओळीच उचलून तिकडे न्याव्यात म्हटलं, आणि इथे घोडं अडलं. क्यूएमके जीपीएलखाली आहे (कोड पुढे देताना त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोडही, त्याच अटींवर द्यायला लावणारं लायसन्स), त्याचा पूर्वज टीएमकेही. झेडएमके एमआयटीखाली आहे (नावाची ओळ ठेवली की बाकी मोकळीक देणारं लायसन्स) आणि ते झेफर या छोट्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभं आहे, जी अपाचे २.० या तशाच मोकळ्या लायसन्सखाली येते. एमआयटीचा कोड जीपीएल प्रकल्पात नेता येतो; उलट, जीपीएलचा कोड एमआयटी प्रकल्पात नेला तर मिळून जे बनेल त्याला जीपीएलच लागू होतं. झेडएमकेवाल्यांनी तर सहभागाच्या नियमांतच बजावलंय की टीएमके-क्यूएमकेचा कोड उचलायचा नाही, त्याच्या आधारेही लिहायचा नाही. ओळी माझ्या असल्या तरी त्या क्यूएमकेच्या फंक्शनच्या पोटात वाढलेल्या. त्यांना बाहेर काढून ‘स्वतंत्र’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

आधी मला हा अतिरेक वाटला होता. पण ब्लूटूथ चालवणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा बंद असतं, त्याचा सोर्स मिळत नाही, आणि जीपीएलला तर बोर्डासोबत दिलेल्या अख्ख्या फर्मवेअरचा सोर्स हवा असतो, हे जुळवून पाहिलं तेव्हा वायरलेसवाल्यांनी एमआयटी का धरलं ते कळलं. दुसरी बाजूही आहेच. लायसन्स न पाळणाऱ्या विक्रेत्यांची यादी क्यूएमकेच्या स्वतःच्या दस्तऐवजांत आहे. एमआयटी असतं तर अशी यादी करायलाही आधार नसता.

मनाने मी जीपीएलवालाच. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स निघालं, त्यामुळे २००३ मध्ये सोर्स बाहेर आला, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांचं खुलं फर्मवेअर उभं राहिलं. माझ्या घरचा राउटर आज त्यावर चालतो. एवढं खाल्लेलं मीठ पुरे आहे.

तर वाटणी अशी केली. वायरच्या बोर्डाचं फर्मवेअर: जीपीएल २ किंवा पुढची आवृत्ती. इथे निवड कसली, ती कोड उचलला त्या दिवशीच झाली. गटातल्या चौघांनी बोर्ड मागितलेत. स्वतःपुरता वापरला तेव्हा कुणाला काही द्यायचं बंधन नव्हतं, पण चौघांना विकला की ते वितरण झालं. जीपीएल २ प्रमाणे सोर्स सोबत द्यायचा किंवा किमान तीन वर्षं लागू राहील अशी लेखी हमी द्यायची. तीन वर्षं कुठला रेपो (कोडचा ऑनलाइन साठा) सांभाळत बसा! बोर्डासोबत पेनड्राइव्हच देतोय.

कॉम्बोंचा तक्ता, म्हणजे कुठली बटणं मिळून कुठलं जोडाक्षर: एमआयटी. खरी निवड मला फक्त इथे करता आली आणि तीही मी मनाविरुद्ध केली. हा तक्ता मी कागदावर, मावशीशेजारी बसून केलाय, त्यात कुणाचा कोड नाही. तो दोन्ही फर्मवेअरमध्ये चालायला हवा. उद्या एखाद्या कंपनीने तो बंद डब्यात घालून इनस्क्रिप्टचा छोटा कीबोर्ड विकला, तरी मला चालेल. असा कीबोर्ड आज शोधूनही मिळत नाही. त्यांनी माझ्या नावाची ओळ तेवढी ठेवावी.

केसच्या, म्हणजे कीबोर्डच्या बाहेरच्या खोक्याच्या, फायलींना सर्न या संशोधन संस्थेचं हार्डवेअर लायसन्स, कडक प्रकार: बदललेल्या फायलीही खुल्या ठेवायला लावणारा. एका विक्रेत्याने माझी आधीची केस किरकोळ बदलून विकली होती, बदललेल्या फायली मागितल्या तर उत्तरही दिलं नाही. तेव्हा मी लायसन्सच टाकलं नव्हतं, चूक माझीही.

आणि चाळीस ओळी? युक्तीवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या कोडवर असतो. म्हणून बटणं कधी दाबली, कधी सुटली आणि काय उमटायला हवं एवढंच साध्या मराठीत एका पानावर लिहिलं. फंक्शनचं नाव नाही, व्हेरिएबल नाही. ते पान ठाण्याच्या मित्राला दिलं. त्याने क्यूएमके कधी उघडूनही पाहिलेलं नाही. मी त्याच्या कोडकडे बघत नाही, फक्त बोर्डावर चाचणी घेऊन काय चुकतंय ते सांगतो.

काल रात्रीची स्थिती: ‘तर’ बरोबर, ‘मित्र’ बरोबर. ‘दऱ्या’ लिहिताना शिफ्ट अडकून राहते आणि पुढचं अक्षरही शिफ्टमधलं उमटतं. पानावर शिफ्ट कधी सोडायची ते मी लिहिलंच नव्हतं. दुसरी आवृत्ती आज पाठवली.