आमची वाटचाल : शनिवारची लाइन आणि आमच्या सहा टाक्या

शनिवारी संध्याकाळी आमच्या लहान बिअर ब्रुअरीच्या गेटबाहेर जी लाइन लागते तिच्याबद्दल लई जण विचारायलेत. एवढं गिऱ्हाईक दारात उभं असताना माल का वाढवत नाही, नऊ वाजता "आजची संपली" असा बोर्ड का लावता. काही जणांना वाटतं आम्ही भाव वाढावा म्हणून मुद्दाम कमी बनवतो. तसं अजिबात नाही, म्हणून म्हणलं एकदा पहिल्यापासून सगळं लिहून टाकावं.

मी आधी वाळूजला एका मोठ्या बिअर कारखान्यात फर्मेंटेशन म्हणजे आंबवण्याच्या सेक्शनला नोकरीला होतो. आपलं संभाजीनगर बिअरसाठी देशभर ओळखलं जातं, ट्रकच्या ट्रक भरून माल बाहेर जातो, पण इथल्या माणसाला टाकीतून थेट ग्लासात आलेली ताजी बिअर काय असते ते माहीतच नव्हतं. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ताजी बिअर बनवणारी लहान ब्रुअरी सुरू झाली, तिथं एकदा मित्रांनी नेलं आणि गव्हाची बिअर प्यायलो. केळ्याचा वास, मागून लवंग, आणि त्यात केळं नाही की लवंग नाही, सगळं यीस्टचं, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या खमिराचं काम. हे मला पुस्तकातून माहीत होतं, जिभेवर पहिल्यांदा आलं. घरी येऊन बायकोला म्हणलं, हे आपल्या गावात पायजे. तिनं लगेच विचारलं, पाणी कुठून आणणार?

तो प्रश्न २०१६ ला खरा झाला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठानं बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि नंतर ६० टक्के कापायला लावलं. कारखान्यात लोकं वैतागले होते, पण मला तो निकाल पटला होता आणि आजही पटतो. लोकांच्या हंड्यात पाणी नसताना बिअरची टाकी भरायची नसते. लहान ब्रुअरीत एक लिटर बिअरला सहा-सात लिटर पाणी सहज जातं, त्यातलं बरंच नुसतं टाक्या आणि पाइप धुण्यात. म्हणून आम्ही सुरुवातच लहान केली, ५०० लिटरची भट्टी आणि ५०० लिटरच्याच सहा टाक्या. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) उकळलेला रस थंड करताना जे पाणी गरम होतं ते साठवून पुढच्या बॅचला वापरतो, शेवटच्या धुण्याचं पाणी फरशीला. लायसन, उत्पादन शुल्कची रजिस्टरं, बँक हे सगळं बायकोनं अंगावर घेतलं, त्यावर लिहायचं तर तिनंच लिहावं.

आता मूळ मुद्दा. गव्हाची बिअर तयार व्हायला दोन आठवडे तरी लागतात. लागर ही दुसऱ्या प्रकारची बिअर थंड टाकीत, दहा-बारा डिग्रीला आंबते आणि मग शून्याजवळ मुरत पडते, तिला पाच-सहा आठवडे. म्हणजे एक टाकी लागरला दिली की तेवढ्या वेळात गव्हाच्या दोन-तीन बॅच गेल्या. ५०० लिटर घातले तरी तळाचा गाळ जाऊन हातात साडेचारशेच्या आसपास येतात, ३३० मिलीच्या हिशोबानं साधारण १,३५० ग्लास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, लाइट गेली की चिलर बंद, टाकी तापली की चव बिघडते, म्हणून जनरेटर आधी टाक्यांना आणि मग एसीला. हे सगळं सांभाळून जेवढी निघते तेवढीच निघते. चार दिवस आधी काढली तर काय होतं? यीस्टनं आधी बनवलेलं डायअसिटाइल नावाचं रसायन यीस्टलाच परत खायला वेळ मिळत नाही आणि लागरला लोण्यासारखा वास राहतो. लाइनमध्ये दीड तास उभ्या राहिलेल्या माणसाला असला ग्लास देणं म्हणजे त्याचा अपमान आहे असं मी मानतो.

बेल्जियममध्ये वेस्टव्लेटेरनला एक मठ आहे, तिथले भिक्षू बिअर बनवतात. २००५ मध्ये एका वेबसाइटवर त्यांची बिअर जगात पहिली आली आणि मठासमोर गाड्यांच्या रांगा लागल्या. त्यांनी गर्दी बघून उत्पादन वाढवलं नाही, फोनवर बुकिंग आणि गाडीचा नंबर लिहून घ्यायची पद्धत ठेवली. मला त्यांचं हे फार आवडतं. लाइन कमी करायची तर टाकीला घाई करू नका, लाइनची शिस्त लावा.

म्हणून आता टोकन आहे. साडेचारला मोजमाप करून बोर्डवर लिहितो, आज कोणती किती लिटर आहे, आणि तेवढीच टोकनं. टोकन हातात आहे म्हणजे ग्लास आहे, उगाच कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. लाइनमध्ये माठ आहे, खारे शेंगदाणे आहेत, वयस्कर माणसांना खुर्च्या. बिअरसाठी वय २१ पूर्ण पायजे, आधार बघितल्याशिवाय टोकन नाही. ओळखीचे फोन येतात, "आपला माणूस आहे, बघा जरा." सगळे आपलेच आहेत भाऊ, गंगापूरहून मोटारसायकलवर आलेला पण आपलाच आहे.

सगळ्यात जास्त ओढाताण केसर आंब्याच्या बिअरच्या वेळी. मराठवाडा केसर आंब्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याचा गर आम्ही पहिलं आंबणं झाल्यावर घालतो, मग त्या साखरेवर यीस्ट परत कामाला लागतं आणि टाकी अजून अडकते. त्यामुळं माणशी दोनच ग्लास. ज्वारीच्या बिअरचंही काम चालू आहे, ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतो म्हणून ती आधी वेगळी शिजवून मग मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये, घ्यावी लागते, कामाचा दिवस लांबतो पण शेजारच्या शेतातली ज्वारी ग्लासात येते याचा आनंद वेगळाच आहे. माल्टचा चोथा जवळचे दोघं-तिघं म्हशीवाले सकाळीच घेऊन जातात, उन्हात तो टिकत नाही.

दोन टाक्यांची ऑर्डर दिली आहे, आमच्या बोअरला आणि टँकरशिवाय झेपेल तेवढंच. त्या आल्या की दोन्ही लागरला जाणार, म्हणजे गव्हाच्या टाक्या मोकळ्या राहतील आणि शनिवारचा बोर्ड नऊऐवजी साडेदहाला लागेल असा अंदाज आहे. बाटलीत भरून पुण्याला पाठवायचं विचारणाऱ्यांना सध्या नाही म्हणतो, आपली बिअर पाश्चराइझ केलेली नसते, वाटेत थंड राहिली नाही की खराब होते. गुरुवारी गर्दी कमी असते, जमलं तर गुरुवारी या.